ओढ्यातली ईल आणि सासूबाईंचा दहावा

मुलीच्या शाळेच्या जर्सीवर वाम होती. वाम म्हणजे तशी मासळीच, पण एकदम समोर आली तर माणसाने साप समजून काठी शोधावी अशी. न्यूझीलंडमध्ये तिला ईल म्हणतात. आजूबाजूच्या गावांतल्या शाळांनी सिंह, घोडा, गरुड असं काहीतरी पोरांना शोभेलसं घेतलं होतं. आमच्या सरकारी हायस्कूलने घेतली होती ती काळी, बुळबुळीत, बारीक डोळ्यांची ईल. शाळेच्या फाटकावर ईल, जर्सीवर ईल, वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर ईल. मी पहिल्यांदा मुलीचा युनिफॉर्म आणायला गेले तेव्हा दुकानातल्या बाईंना विचारलंसुद्धा, की चित्राशिवायचा साधा मिळेल का. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान दोन घेतले.

नुसतं चित्र असतं तरी मी सोडून दिलं असतं. पण ती खरोखरची होती. शाळेच्या मैदानामागून एक ओढा वाहायचा, त्यावर लाकडी पूल होता आणि पुलाखालच्या डोहात ती राहायची. माझ्या पोटरीएवढी जाड. गावातले म्हातारे सांगत की आम्ही शाळेत होतो तेव्हाही हीच होती. गावात मॅच असली की आधी रग्बीच्या कॅप्टनने ओढ्यात उतरायचं, गुडघे टेकायचे आणि बैलाच्या हृदयाचा तुकडा हातात धरून तिची वाट बघायची. अख्खी शाळा पुलावर श्वास रोखून उभी. तिने घास घेतला तर मॅच आपली. हिवाळ्यात पाणी गार झालं की ईल सुस्तावते, कधी येते, कधी येत नाही, आणि रग्बी नेमकी हिवाळ्यातच. त्यामुळे त्या घासाला फार किंमत होती.

हॅमिल्टनपासून गाडीने अर्ध्या तासावरचं हे गाव. एक रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, कोपऱ्यावर एका गुजराती कुटुंबाची डेअरी, म्हणजे आपल्या भाषेत वाण्याचं दुकान, आणि त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर गाई. मी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होते. घर गावात घेतलं, कारण तिथे परवडत होतं. महिन्यातून एकदा ऑकलंडकडच्या पापाटोएटोला, आपल्या लोकांच्या वस्तीत जाऊन डाळ-तांदूळ, गोडा मसाला आणि चार मराठी शब्द भरून आणायचे.

माझा नवरा डॉक्टर. ऑकलंडच्या विमानतळावर उतरेपर्यंत तरी होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्यासारखे पुष्कळ डॉक्टर असेच आले. व्हिसाच्या वेळी डॉक्टरकीला भरपूर गुण मिळाले, आणि आल्यावर कळलं की इथे दवाखान्यात पाऊल ठेवायचं तर सगळ्या परीक्षा नव्याने द्यायच्या. नर्सेस हव्या होत्या, म्हणून माझं काम चटकन झालं. त्याचं लटकलं. लेखी परीक्षा तो पास झाला. पेशंट तपासून दाखवायची होती तिच्यात दोनदा नापास झाला. पंधरा वर्षं तालुक्याच्या गावी रोज सकाळ-संध्याकाळ पेशंट तपासलेला माणूस पेशंट तपासण्यात नापास! मला तेव्हा जो संताप आला होता तो अजून पुरता गेलेला नाही. काय चुकलं असं विचारलं तर म्हणायचा, मी फार कमी बोलतो म्हणाले.

मग शाळेचे जुने केअरटेकर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी तो लागला. गवत कापायचं, नळ दुरुस्त करायचे, मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या आणि ईल सांभाळायची. ईल सांभाळणं हे खरोखर त्या कामात होतं. शेडमध्ये तिच्यासाठी वेगळा फ्रीझर होता. आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलं नाही, आणि त्यांचा मुलगा शुक्रवारी दुपारी बैलाचं हृदय पाटावर ठेवून त्याचे तुकडे करायचा. तेही कसे, तर मेडिकलला शिकल्यासारखे. भोवती पोरं जमायची. हा डावा कप्पा, इथून रक्त अंगभर जातं, हे झडपेचे दोरे, असं दाखवायचा. पोरं त्याला डॉक म्हणायला लागली.

मला ते सहन होत नसे. पोरांच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट लाडाने म्हणायची. आमची मुलगी थर्ड फॉर्मला, म्हणजे आपल्याकडच्या आठवी-नववीत होती, तिचा तर बापामुळे शाळेत भाव वाढला होता. पण अख्ख्या देशात माझ्या नवऱ्याला जी कोणी डॉक्टर म्हणत होती ती एवढी पोरंच, आणि तो ते हसून घ्यायचा, याचा मला राग यायचा. त्याची पुस्तकं हळूहळू टेबलावरून कपाटात गेली. जेवताना तो ईलबद्दल बोलायचा. आज ती मोठ्या दगडाखाली होती, आज पाणी चढलं तर वर आली. मी म्हणायचे, तिलाच आण घरात, मी जाते ओढ्यात राहायला. तो हसायचा, आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचं नाव काढायचा नाही. मला दुसरं काही नको होतं. ज्या माणसाशी मी घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलं तो वॉर्डातून पुढे चालला की मागे आम्ही चार जणी लगबगीने जायचो. तो माणूस मला परत हवा होता. या शाळेच्या शेडमध्ये तो कायमचा विझून जाईल अशी मला भीती वाटत होती, आणि ती मी त्याला कधी सरळ सांगितली नाही, भांडण काढून सांगितली.

अशात जुलैमध्ये सासूबाई गेल्याचा फोन आला. त्याचे वडील आधीच गेले होते, भाऊ नव्हता, एक धाकटी बहीण. चुलतभावाने अग्नी दिला. याचा पासपोर्ट व्हिसाच्या नव्या शिक्क्यासाठी सरकारी कचेरीत गेलेला होता, तो लगेच हातात येईना. मी दिवसभर फोन करत राहिले, सगळे फार सहानुभूतीने बोलले आणि पासपोर्ट काही आला नाही. तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी उठून गवत कापायला गेला.

सासूबाईंचं आणि माझं कधी जमलं नाही हे सांगून टाकते. डॉक्टर मुलाने नर्स करावी हे त्यांना पटलेलं नव्हतं, आणि त्याला मी परदेशात नेलं यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास होता. दर फोनवर मला ‘बरी आहेस ना’ आणि त्याला ‘कधी येतोस’. त्या गेल्या म्हणून मला वाईट वाटलं ते त्याच्यासाठी.

दहाव्याचा पिंड इथे आपला आपण ठेवायचा असं त्याने ठरवलं. तिकडे चुलतभाऊ ठेवणारच होता, पण मुलगा मी आहे, म्हणाला. अडचण एकच होती. आमच्या गावात कावळा नव्हता. काळेपांढरे मॅगपाय होते, ते माणसाच्या डोक्यावर चोच मारायला येतात, पण त्यांना कोण पितर म्हणणार? पापाटोएटोच्या गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, दर्भाचा कावळा करा, नाहीतर गाईला घाला, शेवटी पाण्यात सोडा. मी म्हटलं, गाईंना इथे काय तोटा. गाईला नको, म्हणाला तो. मग म्हणाला, “ईलला घालतो. ती आईच्याच वयाची आहे.”

मी हातातला झारा खाली ठेवला.

त्याने परवानगीही काढली. शाळेत माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची भाषा, शिकवणाऱ्या एक वयस्क बाई होत्या, ओढा त्यांच्या माणसांचा आणि ईलही त्यांचीच असं सगळे मानत. त्या आधी कचरल्या. आमच्यात मेलेल्या माणसाची गोष्ट आणि खाणं एकत्र आणत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, पण आई तुझी आहे आणि रीत तुझी आहे. पाण्याशी आधी बोल, आणि निघताना हात धुऊन नीघ. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, एवढं तर आपल्या गुरुजींनीही समजावलं नव्हतं.

दहावा दिवस शनिवारी आला. त्याच दिवशी दुपारी मॅच होती, आणि मॅचच्या आधी कॅप्टन ईलला भरवणार होता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सकाळी भरवलेली ईल दुपारी जेवणार नाही, हे एवढ्या शिकलेल्या दोन माणसांच्या डोक्यात आलं नाही. आमच्या लेखी तो घास नव्हता, पिंड होता. पिंडाने कुणाचं पोट भरतं असं आपण कधी धरतच नाही.

मी पहाटे भात केला, त्यात तीळ आणि दही घातलं. मैदानावर दव गोठून पांढरं पडलं होतं. लोकरीच्या पॅंटवरून धोतर आणि पायात गमबूट अशा थाटात नवरा पुढे, मागे मी, माझ्यामागे जर्सी घातलेली मुलगी. ओढ्याच्या कडेला तो पाण्यात उतरला, काहीतरी पुटपुटला, आणि एका सपाट दगडावर, पाण्याच्या जरा खालीच, पिंड ठेवला.

काही झालं नाही. पाणी काळं आणि स्वच्छ होतं, दगडाखाली तिची शेपटी दिसत होती, पण ती हलेना. कावळा शिवला नाही की घरचे एकेक कबूल करायला लागतात तसा तो मग बोलायला लागला. आई, धाकटीला मी कधी अंतर देणार नाही. शेपटी हलली नाही. आई, नातीला मराठी लिहायला शिकवीन. मुलीने चपापून माझ्याकडे पाहिलं. आई, परीक्षेला बसतो, या खेपेला पास होतो. इतके दिवस मला जे ऐकायचं होतं ते तो आईला सांगत होता, आणि ती मेली ईल जागची हलत नव्हती.

मग तो बोलायचा थांबला. सासूबाईंना काय हवं होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. ते एक सोडून त्याने सगळं कबूल केलं. बुटात पाणी गेलं होतं, ओठ निळे पडायला लागले होते, आणि तो तसाच वाकून दगडाकडे बघत होता. मला सासूबाईंचा राग आला, ईलचा आला, आणि त्या दोघींपेक्षा त्याचा आला. त्या रागातच मी पुढे झाले आणि मोठ्याने म्हटलं, “सासूबाई, तुमच्या मुलाला मी परत पाठवते. तो आपला दवाखाना पुन्हा उघडेल. आता सोडा त्याला.”

बराच वेळ गेला असं मला वाटलं. मग दगडाखालून तिचं रुंद काळं डोकं बाहेर आलं. पिंडाजवळ येऊन ती थांबली, नाक लावलं, आणि सावकाश खायला लागली. भात विस्कटून पाण्यात पसरला, तोही तिने शोधून शोधून खाल्ला. मुलगी हळूच म्हणाली, “शी टुक इट, बाबा.” तेव्हा तो रडला. दहा दिवसांचं रडला. मग त्याने पाण्यात हात धुतले आणि आम्ही घरी आलो.

मी नर्स आहे, मला कळतं. गार पाण्यात दह्याचा वास तिच्यापर्यंत जायला तेवढा वेळ लागला, एवढंच. त्यालाही कळत होतं.

दुपारी कॅप्टन ओढ्यात उतरला आणि ईल आली नाही. त्याने दुसरा तुकडा धरला, पुलावर कुजबुज सुरू झाली. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तो उतरून खाली गेला आणि त्या आडदांड पोराला सगळं सांगितलं. पोराने हातातला तुकडा काठावर ठेवला, हात पॅंटला पुसले आणि म्हणाला, “सॉरी अबाउट युअर मम, डॉक.” मॅच आम्ही वाईट तऱ्हेने हरलो. मी कान टवकारून ऐकत होते, पण त्याला कोणी बोल लावला नाही.

तो शेडमध्ये सामान लावायला थांबला आणि मी घरी आले. दार उघडते तोच फोन वाजला. तिकडे सकाळ होती, घाटावरून आत्ताच परतलो म्हणून चुलतदीर सांगत होते. सगळं व्यवस्थित झालं, वहिनी. पिंड ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. काकूची काही इच्छा राहिली नव्हती.

मी स्वेटरसुद्धा न चढवता शाळेकडे पळत सुटले. इतकं हलकं मला या देशात आल्यापासून वाटलं नव्हतं. म्हणजे माझ्या बोलण्याला काही अर्थ नव्हता, कोणाचं काही देणं लागत नव्हतो. तो सिंकपाशी सुरी धूत होता. मी धापा टाकत सांगितलं, की कावळा लगेच शिवला, त्यांना काही नको होतं, सकाळी मी बोलले ते विसरून जा.

त्याने सुरी पुसून फळीवर ठेवली. मग म्हणाला, “आईला नसेल काही हवं. तू म्हणालीस ना पाठवते, तेव्हा मला वाटलं, कुणीतरी म्हणालं एकदाचं.”

मी तिथल्या बाकावर बसले. इतके महिने मी त्याला सुखात समजत होते. त्या ईलच्या गोष्टी, ते हसणं, सगळं तो माझ्यासाठी करत होता, कारण माझं इथे बरं चाललं होतं आणि मुलीचं त्याहून बरं. माघार घेतोय असं स्वतः म्हणायचा त्याला धीर नव्हता. मला त्याला डॉक्टर झालेला बघायचं होतं. ते इथे होणार नाही हे त्याला माझ्या फार आधी कळलं होतं.

पासपोर्ट आला आणि तो गेला. मी का गेले नाही, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. मुलीची शाळा असं मी सांगायचे, आणि ते खरंही होतं. ती म्हणाली होती, “आय एम नॉट गोइंग, आई,” आणि तिने दार लावून घेतलं होतं. पण दुसरंही कारण होतं. त्या वर्षी मला वॉर्डाची प्रमुख केलं. इथे लोक माझं ऐकत होते. तिकडे मी परत डॉक्टरांची नर्स-बायको झाले असते, आणि तसं व्हायची माझी तयारी नव्हती. त्याने एकदाही चल म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्याची उपकृत आहे, आणि त्याबद्दलच मी त्याला माफ केलेलं नाही.

शाळेने त्याला निरोपाला जर्सी दिली. माओरीच्या बाईंनी नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून त्याला निरोप दिला. विमानतळावर तो मुलीला म्हणाला, दोन वर्षं बघू. मी मान डोलावली. आपण तिघंही खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलं नाही, खरंच वाटलं नाही.

दोन वर्षं झाली, तिसरं लागलं. तो रविवारी फोन करायचा. तब्येत, मुलीचा अभ्यास, तिकडचा उन्हाळा, इथली थंडी. मुलगी त्याच्याशी इंग्रजीत बोलायची, तो मराठीत. मग मुलीची बोर्डाची परीक्षा झाली, ती उत्तम पास झाली, आणि निकाल घेऊन घरी आली तेव्हा दाखवायला मी एकटीच होते. तिने कागद फ्रिजवर लावला आणि आपल्या खोलीत गेली. त्या संध्याकाळी मी ठरवलं. रविवारची वाट बघायची नाही. फोन करायचा आणि सांगायचं, की पुरे झालं, मी दिलेला शब्द मी मागे घेते, तू परत ये, गवत काप, काहीही कर, पण इथे ये. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

फोन दवाखान्यात लागला. कंपाउंडरने उचलला. डॉक्टर पेशंट तपासताहेत, थांबा, म्हणाला, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून दिला. बाहेर बसलेल्या माणसांचा गलका ऐकू येत होता, एक मूल रडत होतं. मग पडद्यापलीकडून त्याचा आवाज आला. खणखणीत, थोडासा दटावणारा, इथे असताना एकदाही न ऐकलेला. कोणा म्हाताऱ्या माणसाला तो सांगत होता, “तोंड उघडं ठेवा, आजोबा. मोठा श्वास घ्या. हां, सोडा. आता परत घ्या.”

मी कानाला रिसीव्हर लावून स्वयंपाकघरात उभी होते. तो म्हणेल तसा श्वास घेत होते, सोडत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कंपाउंडर म्हणाला, साहेब, तुमचा फोन, न्यूझीलंडचा, आणि पावलं टेबलाकडे यायला लागली. ती पोचायच्या आत मी फोन ठेवून दिला.